खुर्चीतल्या माणसाची ओळख

९ जानेवारी

स्पर्धेची तारीख ठरली. पंधरा फेब्रुवारी. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांचा निरोप आला. पोरं त्यांना शिट्टीसर म्हणतात, कारण गळ्यात शिट्टी नसली तर आरशातल्या माणसाला ते ओळखतील की नाही याची शंका आहे. यंदाही लाउडस्पीकर माझे आणि निवेदनही माझंच.

ही आंतरकॉलेज बास्केटबॉल स्पर्धा दर वर्षी होते. तिकिटांचे आणि डब्यांत पडणारे सगळे पैसे एका आजारी माणसाच्या उपचाराला जातात. तो माणूस कॉलेजच्या बंदिस्त मैदानाच्या मध्यरेषेला लागून ठेवलेल्या खुर्चीत बसतो. अंतिम सामन्याआधी मी माइकवरून त्याची ओळख करून देतो आणि मगच चेंडू हवेत जातो. ही प्रथा माझ्यामुळे पडली. दुसरं कोणी हे लिहून ठेवणार नाही, म्हणून मी इथे लिहितो.

शाळा मी सातवीत सोडली. मोडके रेडिओ आणि भोंगे उघडून बघत बघत शिकलो; आता त्याचंच दुकान आहे, मागे घर. माइक तोंडापासून किती लांब धरायचा आणि कुठल्या शब्दानंतर श्वास घ्यायचा हे मला कोणी शिकवलेलं नाही. पण मी बोलतो तेव्हा शेवटच्या पायरीवरच्या माणसाला वाटतं की आपल्याशीच बोलतोय. प्राध्यापक मंडळी माइक हातात आला की आधी त्याच्यावर टिचक्या मारतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, थकवा आहे. उद्या डॉक्टरकडे नेतो.

१३ जानेवारी

तपासणीचा निकाल आला. हिच्या डाव्या स्तनात गाठ आहे आणि ती साधी नाही. डॉक्टरीणबाई आडवळणं न घेता बोलल्या, ते मला आवडलं. आधी शस्त्रक्रिया, मग औषधं. फेब्रुवारीच्या पुढे ढकलायचं नाही. मी गाठीचं माप विचारून घेतलं, कुठल्या अंगाला आहे तेही विचारलं. हिनं फक्त एकच विचारलं, की दर वेळी तपासायला तुम्हीच असाल ना, दुसरं कोणी नाही ना.

परतताना रस्त्यात ती म्हणाली, कोणाला सांगायचं नाही, दादालाही नाही. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. शेजारच्या गावी असतो आणि हिच्यावर जीव टाकतो. मी म्हटलं, आजार म्हणजे काय चोरी आहे का?

"चोरी नाही," ती म्हणाली. "माझं आहे."

या उत्तराचा अर्थ मला लागला नाही. आजार हा शेवटी माहितीचा प्रश्न असतो.

१८ जानेवारी

शिट्टीसर आले होते, बरोबर मुलींच्या संघाची कॅप्टन. तिला सगळे शिडी म्हणतात. आमच्या दुकानातला वरच्या फळीवरचा माल ती स्टूल न घेता काढते. सराव संपला की या पोरी दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन बसतात, ही त्यांना चहा करून देते आणि मी बाहेर ओरडतो की हे दुकान आहे, धर्मशाळा नव्हे. शिडीनं हिला दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं. काय झालंय ते तिला माहीत नाही. यंदाची खुर्ची काकूंना द्यायची असं सगळ्या संघांनी ठरवलंय, म्हणाली.

माझा ताठा उफाळला. मी सांगितलं, या स्पर्धेत आम्ही देणाऱ्यांच्या बाजूचे. भाडं मी आजवर घेतलेलं नाही, वायरचं एक वेटोळंसुद्धा कॉलेजच्या खर्चानं आणलेलं नाही. दुसरा गरजू शोधा. शिट्टीसर शिट्टी चाचपत राहिले. शिडी मात्र माझ्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. तिथे ही चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

ते गेल्यावर हिनं कप विसळले. मग म्हणाली, "गाठ मला आहे. विचारलं तुम्हाला. उत्तरही तुम्हीच दिलंत."

२४ जानेवारी

मंडपवाल्याकडे जाऊन आलो. माझे मोठे स्पीकर विकायचे म्हटल्यावर त्यानं भंगाराचा भाव केला, वर म्हणाला, हल्ली हे कोण वापरतं, याचा कपड्यांसाठी कपाट म्हणून उपयोग होईल. मी निघालो. दोन ओळखीच्या दारांपर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत फिरलो. हात पसरायचा कसा तेच मला येत नाही.

घरी आलो तर ही म्हणाली, मुलं देतायत तर घेऊ. खुर्चीत बसायला मला कमीपणा नाही, इतकी वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलीत ती. पण माझी अट एकच. आजारी आहे एवढंच सांगायचं. कुठे, काय, त्यातलं काही नाही.

मी मान हलवली. खरं लिहायचं तर मान हलवणं आणि वचन देणं यांत फरक आहे, आणि मान हलवताना तो मला ठाऊक होता.

२ फेब्रुवारी

ओळख लिहायला घेतली. दुसऱ्या कोणासाठी लिहायची तर त्याच्या घरी जाऊन प्रश्न विचारावे लागतात. ही माझ्याबरोबर यायची. मी बाहेरच्या खोलीत विचारत असे आणि ही आत बायकांजवळ बसत असे. परतताना बराच वेळ गप्प असायची. यंदा कुठे जायचीच गरज नाही, सगळं घरातच आहे.

माझा नियम असा : मोघम दुःखाला कोणी पैसे देत नाही. 'गंभीर आजार' म्हटलं की लोक मान हलवतात आणि शेंगदाणे खातात. आजाराचं नाव घ्या, जागा सांगा, रात्री तो माणूस कुठल्या कुशीवर झोपतो ते सांगा, की मग खिशात हात जातात. एका वर्षी खुर्चीत गावातला शिंपी होता, तेव्हा मी तेच केलं होतं. त्याचं मूत्राशय काढलं होतं, पोटाला पिशवी होती. ती पिशवी दिवसातून किती वेळा बदलावी लागते आणि बदलताना बायको कशी खिडक्या उघडते, सगळं सांगितलं. मैदानात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. डबे ओसंडले आणि शिंपी जगला. पुढे त्याच्या दुकानात गिऱ्हाईक जाईना, कपड्यांना वास येतो असं लोक उगाच म्हणायचे. शेवटी त्यानं गाव सोडलं. निघताना निरोप घ्यायलासुद्धा आला नाही. उपकाराची जाण सगळ्यांना असतेच असं नाही.

हिची ओळख मात्र आजवरची सर्वांत चांगली होणार. मसुदा तिसऱ्यांदा उतरवतोय.

१० फेब्रुवारी

हिला वाचून दाखवली. ती मटार सोलत होती. मला वाटलं होतं की डोळ्यांना पदर लावेल.  'हिला गाठ हाताला लागल्यावर हिनं ती चार महिने नवऱ्यापासूनही लपवली, अंधारात कपडे बदलले. आता डावा स्तन पूर्ण काढावा लागणार आहे.' यात एक शब्द खोटा नाही. सजवलेलाही नाही.

वाचून झालं तरी ती सोलतच होती. मग म्हणाली, "हे त्या मैदानात वाचलंत तर मी उठून जाईन."

मी समजावलं. लाजण्यासारखं यात काय आहे, शरीर सगळ्यांना असतं, डॉक्टर नाही का बोलत. ती म्हणाली, डॉक्टर माझ्याशी बोलतात. मी म्हटलं, पैसे जमले नाहीत तर? ती म्हणाली, जमतील तेवढे जमतील.

'जमतील तेवढे' हे माप झालं का?

शेवटी मी कबूल केलं की फक्त 'आजारी आहे' एवढंच म्हणेन. हे मात्र वचन होतं. तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मटाराची साल उचलून टोपलीत टाकली.

१६ फेब्रुवारी, सकाळ

काल स्पर्धा झाली. जसं घडलं तसं लिहितो.

अंतिम सामन्याआधी मी वचन पाळलं. एवढंच म्हटलं, आज खुर्चीत माझी पत्नी आहे, ती आजारी आहे, खेळाडू तिला काकू म्हणतात. टाळ्या चांगल्या पडल्या. हिनं चॉकलेटी शाल घेतली होती. बसली होती छान, लग्नघरात बसावी तशी. शिडीनं पहिली बास्केट केली तेव्हा ही दोन्ही हात वर करून ओरडली. हिला इतकं मोठ्यानं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. खेळातलं तिला इतकं कळतं हेही मला माहीत नव्हतं. पंचाच्या आधी ही सांगत होती की चाल चुकली.

मध्यंतरात डबे फिरून माझ्या टेबलाशी आले. मी एकेक उचलून पाहिला. हलके होते. शिंप्याच्या वर्षी याच वेळेला डबा एका हातानं उचलत नव्हता. शिट्टीसर म्हणाले, बघू, अजून वेळ आहे. कसला वेळ? डॉक्टरीणबाईंनी तारीख दिलेली, पैसे भरायचे होते. मी तिकडे पाहिलं. ही शेजारच्या मुलीशी हसून काहीतरी बोलत होती आणि मला एकदम दिसलं की पुढच्या वर्षी ही हसणार नाहीये. असेलच असं नाही. 

मी माइक उचलला. कागद खिशात होता, पण त्याची गरज लागली नाही. सगळं पाठ होतं.

मी सगळं सांगितलं. आवाज उत्तम लागला, शेवटच्या पायरीपर्यंत एकही अक्षर तुटलं नाही. 'डावा' हा शब्द उच्चारला तेव्हा सगळ्या माना एकदम खुर्चीकडे वळल्या आणि हिनं शाल ओढून घेतली. दोन्ही हातांनी गळ्याशी धरली. माझ्याकडे बघितलं नाही. मी थांबू शकलो असतो. पण अर्ध्यावर तोडलेल्या बोलण्याचा परिणाम वाईट होतो, हे मला अनुभवानं माहीत आहे.

'अंधारात कपडे बदलले' या वाक्याला ती उठली. दार समोरच्या बाजूला आहे. त्यामुळे मैदान ओलांडूनच जावं लागलं. लाकडी फरशीवर हिच्या चपलांचा आवाज येत होता, आणि तो माझ्या माइकमधून बाहेरही ऐकू येत होता. मला आधी कळलंच नाही की हा आवाज कसला. सराव करणाऱ्या मुली बाजूला झाल्या. कोणीतरी चेंडू धरून ठेवला. शिडी तिच्यामागोमाग गेली आणि उरलेला सामना खेळायला परत आली नाही. त्यांचा संघ हरला.

डबे भरले. एक तर वरपर्यंत भरून झाकण बसेना. एक म्हातारा माझा हात हातात घेऊन रडला. म्हणाला, असं बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

वायरी गुंडाळून घरी आलो तर ही झोपली होती. किंवा डोळे मिटून होती.

१९ फेब्रुवारी

भांडण नाही, रडणं नाही. जेवायला वाढते. मला वाटलं, आपोआप निवळेल.

पण घराला दारच राहिलेलं नाही. शेजारणी येतात, बसतात, आणि बोलता बोलता त्यांची नजर खाली उतरते. दुधवाल्याच्या बायकोनं कसलासा पाला वाटून आणला आणि कुठे लावायचा ते दारातूनच मोठ्यानं सांगितलं. काल मेहुणा आला. मला काही बोलला नाही. हिच्यापुढे उभा राहून म्हणाला, "बहिणीचं दुखणं मला भाजीवाल्याकडून कळलं." आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. हिनंच त्याला बसवलं, पाणी दिलं.

संध्याकाळी मी विषय काढला. म्हटलं, पैसे जमले ना, तुझा जीव वाचतोय ना, मग मी खोटं काय बोललो?

"खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "सगळ्या गावाला सांगितलंत. आता मी कुठल्या रस्त्यानं जायचं, तेवढं सांगा."

 

२७ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. नीट झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. मी बाहेर बाकावर बसून हे वाक्य मनात परत परत म्हणत होतो. वेळेत आलात. कोणामुळे?

दुपारी आत सोडलं. ही डोळे उघडून छताकडे बघत होती. तिची पट्टी तपासायला आलेली नर्स अगदी भली बाई, हसून म्हणाली, अगं बाई, तुम्हीच ना त्या खुर्चीतल्या? माझा भाचा होता तिथे, सगळं सांगितलं त्यानं आम्हाला. हिनं तोंड भिंतीकडे वळवलं. नर्स मला खुणेनं म्हणाली, दुखत असेल.

मी खुणेनंच हो म्हटलं.

८ मार्च

हिला घरी सोडलं. म्हणजे दवाखान्यातून सोडलं. मेहुणा गाडी घेऊन आला होता. मी धावत जाऊन पुढचं दार उघडलं, तर ही मागे बसली, भावजयीजवळ. मी म्हटलं, काही दिवस माहेरी हवापालट होईल, बरंच आहे. मेहुण्यानं गाडी सुरू केली. गाडी वळेपर्यंत मी हात वर करून उभा होतो. मेहुण्यानं आरशात पाहिलं असेल.

घरी आलो. चहा केला आणि सवयीनं दोन कप. स्वतःलाच शिवी घातली.

१५ मार्च

शिडी दुकानात आली. काकूंची चॉकलेटी शाल द्यायची होती, त्या दिवशी तिच्याकडे राहिलेली. मी म्हटलं ठेव. ती तशीच उभी राहिली. मी म्हणालो, तुझ्या काकूंना तेव्हा राग आला, पण डबे कसे भरले ते तू पाहिलं नाहीस. मध्यंतराला काय होतं त्यांत?

ती म्हणाली, "काका, मध्यंतराला दर वर्षी हलकेच असतात. आम्ही शेवटी फाटकाशी उभ्या राहतो ना. लोक घरी जाताना टाकतात. सगळ्यांत जास्त तिथेच पडतात."

मी म्हटलं, शिंप्याच्या वर्षी मध्यंतरालाच भरलेले होते, मी स्वतः उचलले होते. ती म्हणाली, त्या वर्षी फाटकाशी काहीच पडलं नाही. लोक मान खाली घालून निघून गेले होते.

मी मैदानाच्या फाटकाशी कधी गेलेलो नाही. त्या वेळी मी वायरी गुंडाळत असतो. वायर घडी पडू न देता गुंडाळायला वेळ लागतो आणि ते काम मी दुसऱ्या कोणावर सोडत नाही.

पोरगी लहान आहे, तिला हिशेब काय कळणार, असं मी मनाशी म्हटलं. ती गेली. शाल टेबलावर होती. दुकान उघडं टाकून मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. दोन गिऱ्हाइकं हाका मारून परत गेली.

२८ मार्च

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, औषधं चालू आहेत, जेवते, फिरते. मी म्हटलं, तिला दे.  मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी हसलं. मग तोच परत आला आणि म्हणाला, आत्ता कामात आहे.

कामात म्हणजे कुठल्या कामात, हे विचारणार होतो. विचारलं नाही.

६ एप्रिल

न कळवता मेहुण्याच्या गावी जाऊन आलो.

गल्लीत एकाला एक लागून घरं आहेत, मध्ये कमरेएवढ्या भिंती. भावजयीनं दार अर्धंच उघडलं. आत जाऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, आत्ता नको म्हणतायत. मग अजून हळू म्हणाली, "इथे कोणाला काही माहीत नाही. विश्रांतीला आल्यात, एवढंच सांगितलंय. त्या मोकळ्या फिरतात इथे. तुम्ही कुठे काही बोलू नका."

दार लागलं. जोरात नाही, सावकाश लागलं.

मी पायरीवर उभा राहिलो. शेजारच्या अंगणातून एक बाई भिंतीवरून डोकावल्या. कोण पाहिजे? कुठून आलात? कोणाचे तुम्ही?

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. मी कोण, आत कोण आहे, ती कशातून उठली आहे, तारखेसकट. कोणी विचारलं की नीट, पूर्ण सांगायचं, हा माझा जन्माचा स्वभाव. बाईंचा चेहरा भला होता. त्यांनी डोळे पुसले असते.

मी म्हणालो, "रेडिओ दुरुस्त करतो. पत्ता चुकला."

बाई म्हणाल्या, अहो, मग थांबा की, आमचा केव्हाचा मुका होऊन पडलाय. त्यांनी रेडिओ आणून दिला. मी त्यांच्या पायरीवर बसलो. पेचकस खिशात असतोच. सेलजवळची पट्टी गंजली होती, दोन मिनिटांचं काम. पण भिंतीपलीकडून हिचा आवाज येत होता. भावजयीला सांगत होती की लोकर अशी नाही धरत, सैल धर, गळफास देतेस की काय. आणि हसली. मी पट्टी घासत राहिलो. घासून झाल्यावरही घासत राहिलो.

मग ही वाळलेले कपडे काढायला अंगणात आली. वाळली आहे. केस बारीक कापले आहेत. तिनं मला पाहिलं आणि हातातला टॉवेल तसाच राहिला.

बाई उत्साहानं म्हणाल्या, ताई, हे रेडिओवाले आहेत, तुमच्याकडचं काही द्यायचंय का?

ही माझ्याकडे बघत होती. मला ठाऊक आहे ती कशाची वाट बघत होती. मी काय बोलतो त्याची. मी मान खाली घातली आणि पेच बसवला.

"ऊन किती आहे," ती बाईंना म्हणाली. "पाणी तरी दिलंत का त्यांना?"

बाई म्हणाल्या, अगं बाई, विसरलेच. तोवर ही आत जाऊन तांब्या आणि पेला घेऊन आली होती. पेला भरून तिनं भिंतीवरून पुढे धरला. उजव्या हातानं. डावा अजून वर जात नसावा.

"घ्या," ती म्हणाली.

मी उभा राहून घेतला. सगळं पाणी प्यायलो. पेला परत देताना म्हटलं, "बरं वाटलं, बाई."

तिनं पेला घेतला, उरलेले कपडे काढले आणि आत गेली.

रेडिओ सुरू झाला. बाईंनी मजुरी विचारली. मी नेहमी घेतो तेवढीच सांगितली आणि घेतली. घेतली नसती तर त्यांना शंका आली असती.